करवंटीखालचे दाणे

शहरातल्या एका घरात, तिसऱ्या मजल्यावर, एक म्हातारा बोका आणि एक हॅमस्टर समोरासमोर राहत असत. बोका खुर्चीवर आणि हॅमस्टर पिंजऱ्यात. मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी हॅमस्टर पाहिलेला नसेल. तो उंदरांच्याच कुळातला, पण गोल, गुबगुबीत. शेपटी नावापुरती आणि दोन्ही गालांच्या आत पिशव्या. त्या पिशव्यांत तो दाणे भरतो आणि आपल्या बिळात नेऊन साठवतो. त्याला उंदीर म्हटलेले मात्र मुळीच खपत नाही.

या हॅमस्टरचे बीळ म्हणजे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पालथी घातलेली नारळाची करवंटी. घरातल्या शर्वरीने ती बाबांकडून घासून गुळगुळीत करून घेतली होती आणि दारासाठी तिला एक भोक पाडून घेतले होते. शर्वरी चौथीत होती. दर रविवारी ती पिंजरा साफ करायची, जुना भुसा टाकून नवा घालायची, पण करवंटीला हात लावायची नाही. आईने विचारले तर म्हणायची, "ते त्याचं घर आहे. आपल्या घराचं छप्पर कोणी उचललं तर आपल्याला चालेल का?" पूर्वी पिंजऱ्यात पेरूची एक काटकीही होती. हॅमस्टर ती करकरा कुरतडायचा आणि त्या आवाजाने बाबांची झोप मोडायची. म्हणून काटकी गेली. शर्वरीला त्याचे वाईट वाटले आणि तिने त्याला मऊ मऊ खाऊ द्यायला सुरुवात केली : सोललेले, भिजवलेले दाणे, पोळीचा चुरा, केळ्याची फोड. सगळे अगदी प्रेमाने.

बोका हे सारे खुर्चीवरून पाहत असे. दिवसभर त्याला दुसरा उद्योग नव्हता. दात शाबूत होते तोवर तो हॅमस्टरकडे वेगळ्या कारणाने पाहायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. आता त्याचे बरेचसे दात पडले होते आणि तो दूधभातावर आला होता, पण पाहण्याची सवय काही सुटली नव्हती. त्यामुळे झाले असे की, त्या हॅमस्टरला त्याच्याइतके ओळखणारे घरात दुसरे कोणी उरले नाही. तो दिवेलागणीला उठतो, उठल्यावर आधी डावा कान धुतो आणि मग उजवा, चाकावर चढण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहतो, हे सगळे बोक्याला पाठ होते.

एका संध्याकाळी हॅमस्टर उठला आणि त्याने एकही कान धुतला नाही.

बोक्याने कान टवकारले. दुसऱ्या दिवशीही तेच. चाकाचा आवाज नाही. अंगावरचे केस नीट बसलेले नाहीत, थंडी वाजल्यासारखे फुललेले. डोळे अर्धवट मिटलेले आणि हनुवटी ओली. वाटीतले दाणे तो पुढच्या पायांनी गालात कसेबसे ढकलत होता, भरलेले गाल घेऊन करवंटीखाली जात होता आणि रिकामे गाल घेऊन बाहेर येत होता. मात्र चावताना तो बोक्याला एकदाही दिसला नाही.

"आई, आजपण वाटी रिकामी," शर्वरी म्हणाली. "काय खातोय बघ हल्ली."

"खाऊ दे. वाढतं वय आहे," आई म्हणाली.

बोक्याने डोळे मिटून घेतले. मग त्याला वाटले, आपण उगाच घाबरत असू. आपले डोळे आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. हवाही गार आहे. हनुवटी ओली असायला हजार कारणे असतील. अशी कारणे शोधण्यात त्याचा अख्खा दिवस गेला आणि संध्याकाळी हॅमस्टर कालच्याहून बारीक दिसला. तेव्हा तो खुर्चीवरून उतरला आणि पिंजऱ्यापाशी गेला.

"काय रे, बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय?" हॅमस्टर म्हणाला. "ठणठणीत आहे मी."

"हनुवटी ओली आहे तुझी."

"आत्ताच पाणी प्यायलो."

"बाटलीतलं पाणी कालपासून तेवढंच आहे."

"म्हणजे आता माझ्या पाण्यावरही लक्ष?"

"चाकावर का नाही बसत?"

हे ऐकून हॅमस्टर उठला, चाकावर चढला, त्याने कसेबसे दोन फेरे मारले आणि धापा टाकत खाली उतरला. "झालं समाधान?"

"नाही," बोका म्हणाला. "अरे बाबा, तू आजारी आहेस. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मग हे नाटक कोणासाठी?"

हॅमस्टर चाकाला टेकून बसला. मग म्हणाला, "बोकोबा, रागावू नकोस. आमच्यात मांजरासमोर कोणी आजारी पडत नाही. माझी आई पडली नाही, आजी पडली नाही."

"मग त्या गेल्या कशाने?"

"कशाने म्हणजे? एकदमच गेल्या."

एवढे बोलून हॅमस्टर करवंटीखाली शिरला आणि आतून म्हणाला, "वाटी रोज रिकामी होते. त्याउपर कोणाला काही विचारायचं कारण नाही."

भिंतीवरच्या ट्यूबलाइटमागे एक पाल राहायची. तिला वरून सगळे घर दिसायचे आणि कशानेच तिच्या जिवाला घोर लागायचा नाही. बोका तिच्याकडे गेला.

"पालबाई, तुम्ही वरून पाहता. तो दाणे खात नाही, नुसते साठवतो आहे. दिसतं ना तुम्हाला?"

"दिसतं की."

"मग?"

"मग काय? वाटी रिकामी म्हणून पोरगी खूश. पोरगी खूश म्हणून आई खूश. तुझंच एकट्याचं काय अडलंय?" पाल शेपटी हलवत म्हणाली. "का घास बारीक होत चालला म्हणून जीव तुटतोय?"

बोका तणतणत परत आला. पण ते वाक्य त्याच्या मनातून जाईना. खुर्चीवर बसून तो स्वतःलाच विचारू लागला : मला नेमके काय खटकते आहे? तो आजारी आहे हे, की तो वाळत चालला आहे हे? इतके दिवस ज्याच्याकडे आशेने पाहिले, त्याची ही काळजी आहे, की त्या आशेची? त्याने प्रामाणिकपणे विचार केला, उलटसुलट केला, आणि त्याला काही ठरवता येईना. मग समोर पाहिले तर हॅमस्टर करवंटीच्या दारात मान टाकून पडला होता. आपले मन स्वच्छ होईपर्यंत हा टिकायचा नाही, एवढे मात्र बोक्याला कळले.

म्हणून त्याने घरातल्या माणसांना सांगायचे ठरवले. मांजराच्या भाषेत सांगण्याची एकच रीत असते. तो पिंजऱ्यासमोर बसला आणि जीव तोडून ओरडू लागला. शर्वरी आली. तो तिच्या पायांत घुटमळला, पुन्हा पिंजऱ्याकडे गेला, पुन्हा ओरडला. याहून स्पष्ट कसे सांगतात, ते त्याला माहीत नव्हते.

"आई, बघ ना हा. सारखा त्याच्याकडे बघून ओरडतोय."

"म्हातारपणी हाव सुटलीय त्याला," आई म्हणाली. "बाबांना सांग, पिंजरा पुस्तकांच्या कपाटावर ठेवा म्हणावं. याची नजर नको त्याच्यावर."

आणि पिंजरा कपाटावर गेला. आता शर्वरीला तो स्टुलावर चढल्याशिवाय दिसत नव्हता. ती हात वर करून वाटी भरायची आणि हात वर करून रिकामी वाटी काढायची. बोका खाली बसून वर पाहत होता. जिवाच्या आकांताने सांगितले आणि झाले काय, तर जो एकटा पाहत होता, त्याच्याही नजरेआड ते जनावर नेऊन ठेवले. त्याला इतका वैताग आला, की त्या दिवशी त्याने दूधभाताला तोंड लावले नाही. आईने मात्र ते लगेच पाहिले. "का रे, बरं नाही का तुला?" तिने काळजीने विचारले. बोक्याने तिच्याकडे पाठ केली.

रविवार आला. शर्वरीने पिंजरा खाली उतरवून जेवणाच्या टेबलावर ठेवला. तिने जुना भुसा काढला, नवा पसरला, नेहमीप्रमाणे करवंटीभोवतालची जागा तेवढी सोडली आणि वाटी ठेवण्यासाठी पिंजऱ्याचे दार उघडले. बोका खुर्चीखाली दबा धरून बसला होता. गुडघे दुखत होते. आपल्याला टेबलावर उडी जमेल की नाही, याचीही त्याला खात्री नव्हती.

जमली. वाटी कलंडली, शर्वरी किंचाळली, आणि बोक्याने उघड्या दारातून पंजा आत घालून करवंटी एका फटक्यात उलथी केली.

करवंटीखाली दाण्यांचा ढीग होता. भिजवलेले दाणे काळे पडून त्यांना बुरशी आली होती, पोळीचा चुरा आंबला होता, केळ्याच्या फोडीचा लगदा झाला होता. आणि त्या ढिगाच्या मध्ये हॅमस्टर उघडा पडला होता. समोर मांजराचा पंजा. मग त्याने जे त्याच्या आईने आणि आजीने शिकवले होते तेच केले. अंगातला उरलासुरला जोर एकवटून तो मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने बोक्यावर दात विचकले.

ते दात सगळ्यांनी पाहिले. खालचे दोन इतके वाढले होते की वाकून वरच्या टाळूला टेकत होते. त्याला तोंड धड मिटताही येत नव्हते.

आईने बोक्याच्या मानगुटीला धरून त्याला बाल्कनीत टाकले आणि जाळीचे दार लावून घेतले. पण शर्वरी पिंजऱ्यापाशीच उभी होती. "आई," ती म्हणाली, "यानं काहीच खाल्लं नाहीये. कितीतरी दिवसांचं आहे हे सगळं."

त्यानंतर मात्र कोणी वेळ घालवला नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांनी हॅमस्टरला तळहातावर घेतले, त्याचे दात बेताने कापले आणि भरवायला पातळ खाऊ दिला. "यांचे पुढचे दात जन्मभर वाढतात," ते म्हणाले. "कुरतडायला काही टणक नसलं की ते झिजत नाहीत आणि मग असे वळतात. वाटी पाहू नका, त्याचं वजन पाहा. स्वयंपाकघरातला वजनकाटा चालेल. आणि करवंटीखाली अधूनमधून डोकावत जा. सगळा साठा काढू नका, सडलेलं तेवढं काढा. आणखी उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं. तुमच्या लक्षात कसं आलं?"

"आमच्या बोक्यानं त्याच्यावर झडप घातली ना, म्हणून," शर्वरी म्हणाली.

"नशीब तुमचं," डॉक्टर म्हणाले.

अशा रीतीने बोक्याची बाल्कनी कायमची झाली. पिंजरा कपाटावरून उतरला आणि जाळीच्या दाराजवळ स्टुलावर आला, कारण आता शर्वरीला तो सतत डोळ्यांसमोर हवा होता. पेरूची नवी काटकी आली. बाबांनी कानात कापूस घालायला सुरुवात केली. पाल ट्यूबलाइटमागून म्हणाली, "मला तर आधीपासूनच शंका होती." बोक्याने कूस बदलली. काही उत्तरे देण्याइतके आयुष्य आपल्यापाशी उरलेले नाही, असे त्याला वाटले.

एका संध्याकाळी हॅमस्टर उठला, त्याने डावा कान धुतला, उजवा धुतला, आणि चाकावर चढण्याऐवजी तो जाळीच्या बाजूला येऊन बसला.

"बोकोबा, खरं सांग. त्या दिवशी तू मला खाणार होतास का?"

बोक्याने आपल्या पंजाकडे पाहिले. "माहीत नाही," तो म्हणाला. "पंजा आत घालेपर्यंत मलाच खात्री नव्हती."

हॅमस्टरने मान हलवली. त्याने काटकी थोडी कुरतडली, मग खाली ठेवली. मग दुसरीकडेच पाहत हळूच म्हणाला, "डाव्या बाजूचा खालचा दात अजून ठणकतो. दाणा फोडताना."

"कधीपासून?"

"झाले काही दिवस."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"आता बोलतोय ना."

बोक्याने मोठा सुस्कारा सोडला. मग तो दुखऱ्या गुडघ्यांवर उभा राहिला आणि जाळीच्या दारावर पंजे मारत ओरडू लागला.

"आई, याचं परत सुरू झालं बघ," आतून शर्वरीचा आवाज आला. ती पाय आपटत बाहेर आली, बोक्याला दटावायला तिने बोट उगारले, आणि बोट तसेच ठेवून ती आधी पिंजऱ्याकडे वळली.

तात्पर्य : रिकामी वाटी पाहून पोट भरले असे समजू नये, आणि आपले दुखणे सांगण्यासाठी पुरत्या भरवशाचा सोबती मिळेपर्यंत थांबू नये, कारण दुखणे थांबत नाही.