शेवटच्या घासाची कहाणी

ऐका बायांनो, हातात चार तांदूळ धरा नि ऐका. नदीच्या वळणावर आटपाट वसलेलं एक नगर होतं. त्या नगरात एक बुरूड राहत होता. सुपं विणावी, टोपल्या विणाव्या, बाजारी न्याव्या, असा त्याचा धंदा. घरात बायको आवडी होती, सोवळ्याची फार कडक अशी म्हातारी आई होती, आणि तीन वर्षांची एक लेक होती. लेकीचं नाव बकुळी.

एकदा काय झालं, बकुळीला ताप आला. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. दूध द्यावं तर तोंड फिरवी. भात द्यावा तर तोंड फिरवी. लाडू द्यावा तर मुठीत धरून ठेवी, आणि मुंग्या लागल्या की टाकून देई. हातातलं कडं कोपरापर्यंत चढलं, मग दंडापर्यंत चढलं, मग आवडीनं ते काढूनच ठेवलं. तिला बघवेना.

आवडीच्या जिवाला घोर लागला. चुलीशी असली तरी कान लेकीकडे, पाण्याला गेली तरी चित्त लेकीकडे. लेक रडली तर भ्यायची, लेक गप्प राहिली तर जास्त भ्यायची. शेजारणी म्हणत, एवढा जीव टांगून ठेवू नये बाई, लेकरं आपोआप वाढतात. आवडी हो म्हणायची, आणि पुन्हा उठून लेकीच्या कपाळाला हात लावून बघायची.

मग ती देवीच्या देवळात गेली. पुजाऱ्याच्या पायां पडली, म्हणाली, माझी लेक जेवत नाही, मला काही उपाय सांगा. पुजारी म्हणाला, देवीचे सात रविवार कर. पहाटे उठावं, मुक्यानं न्हावं, ओलेत्यानं तांदळागुळाची खीर करावी. खिरीला कुणाचा हात लागू नये, कुणाची जीभ लागू नये. दुपारची घंटा व्हायच्या आत देवळात आणावी. आधी देवीच्या मुखी, मागाहून जगाच्या मुखी. तोवर आपण पाणी पिऊ नये. खीर उष्टी झाली तर व्रत मोडलं, पुन्हा पहिल्यापासून धरावं.

आवडीनं व्रत धरलं. पहिला रविवार झाला, दुसरा झाला. चाखायची सोय नाही, त्यामुळं एकदा गूळ जास्त पडला, एकदा कमी पडला. देवी काही बोलली नाही. तिसऱ्या रविवारी खीर घेऊन निघाली, तर चिंचेखाली एक खडी फोडणारी बाई बसलेली. पदराखाली आठ दिवसांचं तान्हं. बाईला अंगावर दूध येईना, तान्ह्याला रडायचं त्राण राहीना. आवडी पुढं गेली, पुन्हा मागं आली. पातेल्यावरचं झाकण काढलं, बाईला पोटभर खीर घातली. मग देवळात जाऊन खरं ते सांगितलं. पुजारी म्हणाला, मोडलं तुझं व्रत. पहिल्यापासून धर.

आवडीनं पुन्हा धरलं. चार रविवार झाले. पाचव्या रविवारी वेशीपाशी एक म्हातारा रुसून बसलेला. सुनेशी भांडून दोन दिवस उपाशी. म्हणे, ती स्वतः बोलवायला आल्याशिवाय मी घराची पायरी चढणार नाही. आवडी म्हणाली, "मामंजी, मग ती येईपर्यंत जगायला तर हवं. हे घ्या." म्हातारा खीर जेवला. गूळ कमी पडलाय, असंही म्हणाला. आवडीनं देवळात जाऊन खरं ते सांगितलं. पुजारी म्हणाला, मोडलं तुझं व्रत. पहिल्यापासून धर.

आवडीनं तिसऱ्यांदा धरलं. आता रस्ता बदलला. लांबच्या वाटेनं जावं, मान वर करू नये, कुणाकडे बघू नये. सहा रविवार निभावले. सातवा रविवार उजाडला. मुक्यानं न्हाली, ओलेत्यानं खीर रांधली, वर वेलदोडा घातला. पातेलं उचललं, उंबऱ्याशी आली. तिथं बकुळी भिंतीला टेकून बसली होती. पाकळीसारखे ओठ सुकलेले. तिनं नाक वर केलं, वास घेतला आणि म्हणाली, "आई, मला."

चार महिन्यांत लेकीनं खायला मागितलं नव्हतं.

सासू आतून बोलली, "नैवेद्य करून ये आवडे. घटकाभराचं काम. आज मोडलंस तर देवी त्या पोरीवरच कोपेल." आवडीच्या मनात आलं, दिलं तर देवी कोपेल. नाही दिलं, आणि घटकेनं लेकीनं पुन्हा तोंड फिरवलं तर? तिनं पातेलं खाली ठेवलं. मग उंबऱ्यावर बसली. पळी घेतली, फुंकर घातली, लेकीच्या तोंडी लावली. बकुळीनं एक घास गिळला, दुसरा गिळला, तिसऱ्याला स्वतःच पळी ओढली. सासूनं कपाळावर हात मारला.

लेक जेवली, आणि आवडीला भीतीनं घेरलं. उरली खीर घेऊन ती देवळाकडे धावली. म्हणाली, रागवायचं तर देवीनं माझ्यावर रागवावं. पुजारी दारातच उभा होता. त्यानं पातेल्यात बघितलं, पळीला चिकटलेलं शीत बघितलं, आणि म्हणाला, हे आत येणार नाही.

आवडी पायरीवर बसली आणि रडायला लागली. तिथंच एक म्हातारी पळसाच्या पत्रावळी लावत बसली होती. तिच्या पत्रावळींवर साऱ्या नगराच्या पंगती उठायच्या, पण ती कधी देवळात आत गेलेली कुणी पाहिली नव्हती. तिनं विचारलं, का गं रडतेस? आवडीनं सगळं सांगितलं. चिंचेखालची बाई सांगितली, वेशीवरचा म्हातारा सांगितला, आणि लेकीला दिलेले घास सांगितले.

म्हातारी पानाला काडी टोचत म्हणाली, "ही आत बसलीय तिला तू काय म्हणतेस?"

"आई म्हणते."

"आणि तू रोज कधी जेवतेस?"

"सगळ्यांची पानं झाल्यावर. पातेल्याच्या बुडाचं."

"मग हिला का गं सगळ्यांच्या आधी वाढतेस? लेकरं उपाशी असताना कुठल्या आईच्या घशाखाली घास उतरतो?"

आवडीचं रडं थांबलं. तिनं पदरानं डोळे पुसले, पातेल्यात बघितलं, मग म्हातारीकडे बघितलं. म्हणाली, "आजी, तुम्ही जेवलात का?" म्हातारी हसली. म्हणाली, सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं बाई. आवडीनं द्रोण भरून तिला दिला. म्हातारी बोटं चाटून जेवली. आवडी उरलेली खीर उचलून देवीपुढं ठेवायला निघाली, तर म्हातारीनं तिचा पदर धरला.

"थांब. अजून एक लेक उपाशी आहे."

"कोण?"

"पहाटेपासून पाणीसुद्धा प्यायली नाही ती."

आवडीला आधी कळेना. कळलं तेव्हा तिला हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा डोळे भरले. मग ती पायरीवर बसून खीर जेवली. पहिल्यांदाच आपल्या हातची खीर तिला गोड लागली. मग पातेलं खरवडलं. बुडाला लागलेली, तांबूस झालेली दोन बोटं खीर निघाली. ती द्रोणात काढली, देवळाच्या दाराकडे तोंड करून पायरीवर ठेवली. म्हणाली, आई, आता सगळी जेवली. आता तू जेव. मनात भीती शोधली, ती कुठं सापडेना.

घरी आली तर बघते काय, दारात हसण्याचा आवाज. सोवळ्याचं लुगडं नेसलेली सासू मधोमध बसलेली, मांडीवर बकुळी. सासूच्या हनुवटीला वरण, लुगड्याला वरण, आणि बकुळी आणखी मागतेय. आवडीला बघून सासू म्हणाली, "बघतेस काय? भात टाक. पोरीनं माझंही पान संपवलंय."

मग शेजारणी आल्या, म्हणाल्या, हा कुठला वसा गं, आम्हांलाही सांग. आवडी म्हणाली, याला वार नको, घंटा नको, सोवळं नको. चूल पेटली की आधी बघावं, कोण उपाशी आहे. घरचं बघावं, दारचं बघावं, वाटेवरचं बघावं. स्वतःला विसरू नये. सगळे जेवले की बुडाचा घास काढावा आणि आईला म्हणावं, आता तू.

बायका तसं करू लागल्या. उतल्या नाहीत, मातल्या नाहीत. पुजारी घंटा वाजवी, पण नैवेद्य यायचे उन्हं कलल्यावर, तेही खरवडीचे. तो चिडला. तेव्हा आवडी भरलं ताट घेऊन गेली, म्हणाली, "दादा, देवीच्या आधी तुम्ही जेवा. ती तुमच्यासाठी खोळंबलीय." पुजारी पायरीवर बसला, दोनदा भात मागून घेतला, आणि त्या दिवशी देवीचा द्रोण त्यानंच आत नेला.

आवडीच्या घरी जशी भूक परत आली, तशी तुमच्या आमच्या लेकरांना येवो. तुमच्या दारचा कुणी उपाशी न जावो, तुमच्यावरही उपाशी निजायची वेळ न येवो, आणि बुडाचा घास गोड लागो. साठ बोलांची ही कहाणी पाच बोलांत सांगितली, फळली आणि पुरी झाली.