स्वप्नाला हुकूम
धुक्यात बुडालेल्या सोनगिरी गडावर राजा वीरधवलाने हुकूम काढला, "या राज्यात माझ्या आज्ञेशिवाय काही घडत नाही. यापुढे आरतीत देवाचं नको, माझं नाव घ्या."

देवळातली पूजा म्हातारी चिमाई गुरवीण करायची. तिने आरती बदलली नाही, म्हणून तिला दरबारात उभं केलं.

"म्हातारे, आता गड सोडावा लागेल," राजा म्हणाला.

"सोडीन, महाराज. पण आज झोपताना स्वप्नाला आज्ञा द्या, अमुकच पड म्हणून. तेच पडलं, तर आरतीत तुमचंच नाव घेईन."

राजा हसला. त्याने विजयाच्या मिरवणुकीचं स्वप्न मागितलं.

सकाळी त्याने चिमाईला दरबारात बोलावलं. मग हळूच म्हणाला, "स्वप्नात मी लहान होतो. पांढऱ्या पाण्यावर नाव चालली होती. मी 'वळव, वळव' म्हणत होतो, पण नावाडीच दिसेना. तरी भीती वाटली नाही."

"जागेपणीही नावाडी तोच असतो, महाराज," चिमाई म्हणाली. "फक्त डोळे उघडे असले की वाटतं, वल्हं आपल्या हातात आहे."

राजाने हुकूम मागे घेतला. त्या संध्याकाळी आरतीला तो सगळ्यांच्या मागे हात जोडून उभा होता.