पाटीखालचं पिल्लू

मांडीवर बसा. पाय हलवू नका. मध्ये बोलू नका. हं, आता ऐका.

दूर दूर एक गाव. वेल्स नावाच्या देशात. इतकं दूर, की आपण दूध पितो तेव्हा तिथे सगळे अजून घोरत असतात.

गाव एवढंसं. चार घरं इकडे, चार घरं तिकडे. मागे हिरवा डोंगर. डोंगरावर मेंढ्याच मेंढ्या. बें बें, बें बें. आणि पाऊस! रिपरिप रिपरिप. थांबायचं नावच नाही मेल्याचं.

तिथे घरांवर कौलं नसतात. दगडाच्या पाट्या असतात. काळ्या, चपट्या, जड जड पाट्या.

गावात एक दगडी कुंपण होतं. कुंपणाखाली एक बीळ होतं. बिळात एक उंदरीण राहायची. अंगठ्याएवढी. आणि तिचं एक पिल्लू. ते केवढं? वाटाण्याएवढं! त्याचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

एकदा काय झालं, उंदरीण गेली लोकर आणायला. शेतातल्या काटेरी तारेला मेंढीची लोकर अडकलेली असते ना, ती. पिल्लाला खाली अंथरायला.

तेवढ्यात वारा आला. घूंऽऽऽ! छपरावरची एक पाटी सुटली. सर्रर्र... धप्प! बिळाच्या तोंडावरच पडली.

बीळ बंद. उंदरीण बाहेर. पिल्लू आत.

आतून आवाज आला, "चीं चीं!"

उंदरिणीने पाटी ढकलली. हलली नाही. दातांनी ओढली. हलली नाही. लोकर कुठल्या कुठे उडून गेली.

उंदरीण म्हणाली,
"पाटी, पाटी, हल ना.
पिल्लू माझं आत.
सांग, मी करू काय?"

पाटी म्हणाली, "मला ना हात, ना पाय. मी कशी हलू? मॉसने ढकललं तर हलेन."

मॉस म्हणजे कुत्रा. काळा-पांढरा. मेंढ्या वळणारा.

निघाली उंदरीण. तुरुतुरु, तुरुतुरु.

मॉस फाटकापाशी बसला होता. कान ताठ. नजर डोंगरावर.

"मॉस, मॉस, पाटी ढकल ना.
पाटी हलेना,
पिल्लू माझं आत.
सांग, मी करू काय?"

मॉस म्हणाला, "भो! शिट्टीशिवाय मी जागचा हलत नाही. आमचं काम असंच. काकांनी शिट्टी दिली तर ढकलेन."

"अरे, दोन पावलांवर तर आहे!"

"शिट्टी नाही, तर मॉस नाही." आणि पुन्हा डोंगराकडे बघत बसला. असा हट्टी!

निघाली उंदरीण. तुरुतुरु, तुरुतुरु.

इदवालकाका मेंढ्या राखायचे. सकाळपासून डोंगरावर भिजून आले होते. दारात बसले होते. नाकाचं टोक लाल. ओठ निळे.

"काका, काका, शिट्टी द्या ना.
पाटी हलेना,
मॉस ढकलेना,
पिल्लू माझं आत.
सांगा, मी करू काय?"

काकांनी ओठांचा चंबू केला. फू... फू... नुसती हवा!

"बघितलंस? ओठ गारठलेत गं माझे. गरम चहा मिळाला तर शिट्टी देईन. नेस्टाकाकूंना सांग."

निघाली उंदरीण. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपूट भिजली. मिशा भिजल्या. वाटेत कुंपणापाशी थांबली. कान लावला.

"चीं..."

आता एकदाच.

नेस्टाकाकू स्वयंपाकघरात होत्या. हात कमरेवर. किटली गार.

"काकू, काकू, चहा करा ना.
पाटी हलेना,
मॉस ढकलेना,
काका शिट्टी देईनात,
पिल्लू माझं आत.
सांगा, मी करू काय?"

काकू म्हणाल्या, "चहा? गार पाण्याचा देऊ का? चूल विझलीय बाई. ती पेटली तर चहा करीन."

उंदरीण चुलीपाशी गेली. लोखंडी चूल. पोटात लाकडं. पण नुसता धूर. खोक् खोक्, खोक् खोक्!

"चुली, चुली, पेट ना.
पाटी हलेना,
मॉस ढकलेना,
काका शिट्टी देईनात,
काकू चहा करीनात,
पिल्लू माझं आत.
सांग, मी करू काय?"

चूल म्हणाली, "खोक्! धूर जायला वाट कुठाय? धुराड्यावर कावळा बसलाय. चांगलं बूड टेकून बसलाय! तो उडाला तर पेटेन."

हसता काय? खरंच बसला होता.

निघाली उंदरीण. तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीवर चढली. सर्रकन घसरली. पुन्हा चढली. पायाला खरचटलं. छपरावर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती.

"कावळेदादा, कावळेदादा, उड ना.
पाटी हलेना,
मॉस ढकलेना,
काका शिट्टी देईनात,
काकू चहा करीनात,
चूल पेटेना,
पिल्लू माझं आत.
सांग, मी करू काय?"

कावळ्याने पिसं फुगवली. "काव. नाही उडणार. उडून जाऊ कुठे? दर रविवारी चॅपलमध्ये गाणं व्हायचं. मी खिडकीत बसून ऐकायचो. आता गाणंच बंद झालं. इथे निदान बुडाला ऊब आहे. माणसं गायली तर उडेन."

चॅपल म्हणजे काय? चॅपल म्हणजे त्यांचं देवाचं घर. सगळा गाव तिथे जमतो. बाकांवर बसतो. आणि गातो! इतकं गातो, की छप्पर उडेल असं वाटतं.

निघाली उंदरीण. तुरु... तुरु... आता तिच्याने पळवेना. पुन्हा कुंपणापाशी थांबली. कान लावला.

काहीच नाही.

"पिल्ला?"

काहीच नाही. नुसता पाऊस. रिपरिप रिपरिप.

उंदरीण रडायला लागली. रडत रडत निघाली.

त्या दिवशी रविवारच होता. चॅपलमध्ये बाकीचा सगळा गाव बसला होता. पण चिडीचूप. पुढे ग्विलिमआजोबा. त्यांच्या शेजारी एक खुर्ची. रिकामी.

"आजोबा, आजोबा, गा ना.
पाटी हलेना,
मॉस ढकलेना,
काका शिट्टी देईनात,
काकू चहा करीनात,
चूल पेटेना,
कावळा उडेना,
पिल्लू माझं आत.
सांगा, मी करू काय?"

आजोबा म्हणाले, "कसं गाणार, बाळ? आमच्याकडे पहिला सूर ओल्वेनआजीचा. ती सूर लावायची, मग आम्ही सगळे. आता ती देवाघरी गेली. पहिला सूर मिळाला तर गाऊ."

"मग तुम्ही लावा!"

"मी? छे छे! तिच्यासमोर माझी काय बिशाद? हा लावेल."

"मी नाही बुवा. ती लावेल."

"अगं बाई, मी? मुळीच नाही!"

असं सगळं गाव. हा म्हणे तो, तो म्हणे ती. सगळे शहाणे, सगळे गाणारे. पण तोंड उघडेल तर शपथ! दर रविवारी यायचे, खुर्चीकडे बघायचे आणि घरी जायचे.

उंदरीण खुर्चीवर चढली.

"खुर्ची, खुर्ची, सूर दे ना.
पाटी हलेना,
मॉस ढकलेना,
काका शिट्टी देईनात,
काकू चहा करीनात,
चूल पेटेना,
कावळा उडेना,
माणसं गाईनात,
पिल्लू माझं आत.
सांग, मी करू काय?"

खुर्ची काय बोलणार? खुर्ची बोलली नाही.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. पाटी झाली, मॉस झाला, काका झाले, काकू झाल्या. चूल, कावळा, माणसं, सगळी झाली. उंदरीण मटकन खाली बसली. पिल्लू तिकडे अंधारात एकटं. गार पडलेलं. आणि आई इथे, खुर्चीवर.

तिने डोळे मिटले. तोंड उघडलं. आणि होतं नव्हतं तेवढं सगळं रडू एकदम बाहेर आलं.

"चींऽऽऽऽऽऽऽऽ!"

लांब. बारीक. सरळ. थांबेचना.

ग्विलिमआजोबांनी मान वर केली. "अरे! अरे, हा तर सूर!"

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तोच सूर धरला. "आऽऽऽऽ!" शेजारणीने धरला. "आऽऽऽऽ!" मागच्या बाकाने धरला. मग काय विचारता! खिडक्या थडथडल्या. सगळा गाव गाऊ लागला.

उंदरीण मात्र खुर्चीवरून उडी मारून पळाली. तिला गाण्याचं काय? तिला पिल्लू हवं होतं.

माणसं गायली.
कावळा म्हणाला, "काव! गाणं!" फडफड फडफड. उडाला.
धूर सुटला, भस्स्! चूल पेटली. धडधड धडधड.
किटली म्हणाली, "सूंऽऽऽ!" काकूंनी चहा केला.
"दूध जास्त घालू का हो?" काकूंनी विचारलं.
"घाला घाला," काका म्हणाले.
अहो, लवकर! तिकडे पिल्लू आहे!

काकांनी चहा प्यायला. भुर्र भुर्र. ओठांचा चंबू केला. फुस्स्! नाही वाजली. आणखी एक घोट. भुर्र.

"फीऽऽऽऽ!"

मॉस सुटला! वाऱ्यासारखा सुटला! आणि कुठे गेला? थेट मेंढ्यांकडे!

अरे देवा!

उंदरीण पाटीवर उभी राहिली. ओरडायला गेली. पण आवाजच निघेना. सगळा आवाज चॅपलमध्ये सांडला होता. ती नुसती उड्या मारत राहिली. टुण टुण, टुण टुण.

काकांनी पाहिलं. "अरे हो, ती पाटी!" पुन्हा चंबू केला. एक लांब शिट्टी, एक आखूड. फीऽऽऽ, फी! म्हणजे काय? म्हणजे मागे फीर.

मॉस फिरला. कुंपणापाशी आला. नाक पाटीखाली घातलं. हुं... हुं... हुंऽऽऽ!

पाटी हलली. खर्रर्र... धाड!

बीळ उघडलं.

उंदरीण आत घुसली. आत काळोख. आत गार. पिल्लू कोपऱ्यात पडलं होतं. हलत नव्हतं.

उंदरिणीने त्याला पोटाखाली घेतलं. चाटलं. डोकं चाटलं. पोट चाटलं. एवढाले पाय चाटले. चाटतच राहिली. बाहेर मॉस मान वाकवून बसला. शेपटीसुद्धा हलवली नाही. बराच वेळ गेला.

मग...

शू! ऐका.

"चीं."

अगदी बारीक. पण होतं.

पिल्लू म्हणालं, "आई, मी किती हाका मारल्या. तू आलीच नाहीस."

आईने पिल्लाला आणखी जवळ ओढलं. मग कसाबसा घोगरा आवाज निघाला.

"आले रे राजा. आले."

बाहेर सगळा गाव गातच होता.

पिल्लाने कान टवकारले. "आई, ते कोण गातंय?"

"सगळा गाव."

"कशाला?"

"मला काय माहीत! गप, दूध पी."

पिल्लू दूध पिऊ लागलं. चुटूचुटू, चुटूचुटू.

आणि गोष्ट गेली बिळात. बघा, शेपूटसुद्धा दिसत नाही.