रिकामा पाट

महामारीत जांभळेवाडीची एसटी गाडी बंद झाली, ती बंदच राहिली. तोवर घरोघरी मोटारसायकली आल्या होत्या. पण द्वारकाबाईंचे गुडघे त्यांना मोटारसायकलवर बसू देईनात, आणि डोळ्यांच्या औषधासाठी दर महिन्याला तालुका गाठणं तर भाग होतं.

एका सोमवारी आगाराचे रणनवरे साहेब गावात आले. "आठवडाभर थांब्यावर माणूस ठेवला होता," ते ऐटीत म्हणाले. "एकही प्रवासी उभा दिसला नाही. मग गाडी कुणासाठी सोडू?"

द्वारकाबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांच्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. "दुपारी प्रसादाला या, साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

साहेब आले. पंगत बसली, चुरम्याचा वास दरवळला. सगळ्यांपुढे पानं वाढलेली, साहेबांच्या पाटापुढे मात्र नुसती सारवलेली जमीन.

"बाई, माझं पान?"

"आठवडाभर बघत होते, साहेब," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. "या पाटावर कुणीच बसलेलं दिसलं नाही. मग पान कुणासाठी मांडू?"

पंगतीतले हात जिथल्या तिथे थांबले. आवाज न चढवता ही माउली काय बोलून गेली, म्हणून सगळे थक्क झाले. साहेब आधी लाल झाले, मग मान खाली घालून हसले.

"वाढा, ताई. आता आधी गाडी सोडतो, माणसं मग मोजतो."

पान आत वाढून तयारच होतं. व्रताच्या घरून कुणी उपाशी जातं का?

पुढच्या सोमवारी गाडी आली. द्वारकाबाईंनी तिला कुंकू लावलं आणि देवळाची चढावी तशी हात जोडून पायरी चढल्या. थांब्यावर कधीच न दिसलेल्या अकराजणी त्यांच्या मागे उभ्या होत्या.