बंद लाइन

"किल्ली माझ्या खिशात आहे, उस्ताद. मग भ्यायचं कुणाला?"

अभिनंदन चौगुले शिडीला टेकून उभा होता. एक पाय पायरीवर, कमरेला नवाकोरा बेल्ट.

उस्ताद म्हणजे नबीलाल मुजावर, आमच्या उपकेंद्रातले सगळ्यात जुने लाइनमन. अभिनंदन डिप्लोमा करून आलेला, आठ महिने त्यांच्या हाताखाली. त्याला इथून पुढं एकट्यानं खांबावर चढू द्यायचं की नाही, ते उस्ताद आज ठरवणार होते.

मी जीपचा ड्रायव्हर. घरात बल्ब बदलायचा झाला तरी मेन स्विच पाडतो आणि बायकोला तिथं राखणीला उभी करतो. भित्रा म्हणा, माझी काही हरकत नाही.

भर दुपार होती. उसाच्या रानात चिटपाखरू नव्हतं. आमच्या तारांना लागूनच मोठ्या लाइनचे मनोरे गेलेत, पार मैलभर. त्यांचा घूंऽऽ असा आवाज चालूच असतो. मला तो आवाज कधी आवडला नाही.

उस्तादांनी खाली बसून अर्थिंगची, म्हणजे तारेतली वीज जमिनीत उतरवणारी, साखळी सोडायला घेतली.

तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंटीला बांधायचं, दुसरं लांब काठीनं तारांवर अडकवायचं, आणि मगच माणूस वर. लाइन बंद असो, नसो. उस्तादांचा हा नेम छत्तीस वर्षांत चुकलेला नाही.

त्यांचे हात कापत होते. साखळी हातात घेतली की कापतातच. म्हाताऱ्याला कंपवात झालाय, आता घरी बसवा, असं अभिनंदन जीपमध्ये मला सांगायचा. मी हसायचो. खोटं कशाला बोलू, हसायचो.

"स्विच मी स्वतः पाडलाय," अभिनंदन म्हणाला. "कुलूप घातलंय. वीज येणार कुठून?"

उस्ताद खुंटी ठोकत राहिले.

मग अभिनंदननं धोंडीरामचं नाव काढलं. काढायला नको होतं.

धोंडीराम उस्तादांचा जोडीदार. पक्का धीट गडी. अकरा वर्षांपूर्वी अशाच बंद लाइनवर, साखळी न लावता, चढला तो स्वतःच्या पायानं, उतरवला आम्ही. त्याचा बेल्ट अजून शेडमध्ये खुंटीला आहे. कुणी घालत नाही.

अभिनंदनचं म्हणणं असं, की त्या दिवशी कुणीतरी चुकून स्विच चढवला असणार. धोंडीरामनं किल्ली दुसऱ्याकडं ठेवली, तिथंच चुकलं.

उस्तादांचा हात थांबला.

"किल्ली त्याच्याच खिशात होती," ते म्हणाले. "मीच काढून घेतली."

...

मनोऱ्यांचा आवाज तेवढा येत राहिला. अभिनंदनचा पाय पायरीवरून खाली आला.

उस्ताद उठले. काठीच्या टोकाला साखळी अडकवली, काठी वर केली. साखळी तारेला आता टेकणारच...

चट्ट!

निळी ठिणगी. भर उन्हात दिसली मला. मी जीपच्या मागं कधी गेलो ते मलाच कळलं नाही.

उस्तादांनी साखळी काढली. दोन श्वास थांबले. पुन्हा नेली.

चट्ट.

पुन्हा काढली, पुन्हा नेली. पुन्हा तेच. तार मोकळी सोडली की तिच्यात वीज भरत होती, आपल्याआपण. मग त्यांनी साखळी तारेवर अडकवली ती तशीच ठेवली.

अभिनंदननं खिशातली किल्ली काढून बघितली. मग मान वर करून मनोऱ्यांकडं बघितलं. बराच वेळ बघत होता.

"त्या तारांतून वीज धावते," तो पुटपुटला. मला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे. "तिच्याभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. ते सारखं बदलतं. त्यातनं शेजारच्या तारेत वीज उभी राहते... न शिवता. शिवाय तिचा विद्युतभार... तोही ह्या तारेवर..."

तो थांबला.

"वीसपैकी अठरा मार्क पडले होते मला ह्याला. आकृतीसकट."

आणि मटकन खाली बसला.

उस्ताद त्याच्या शेजारी बसले. पाण्याची बाटली दिली. त्याला ती तोंडाला लावता येईना, निम्मं पाणी शर्टावर सांडलं. मग उस्तादांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. दोघांचेही हात कापत होते. कुणाचा जास्त, ते मला सांगता येणार नाही.

अभिनंदन त्या हातांकडं बघत राहिला. जीपमधलं स्वतःचं बोलणं त्याला आठवलं असणार. मला तर आठवलं, आणि लाज वाटली.

"उस्ताद... हे कापणं कधी थांबतं?"

उस्तादांनी वर तारेकडं बघितलं.

"धोंडीचं थांबलं होतं."