भट्टी थंड, धोतर काळं

भैरोजीराजे गच्चीवर वाळलेलं धोतर नेसून दरबारात आले आणि सगळा दरबार माना खाली घालून हसू दाबायला लागला. धोतर पांढरं होतं, पण आदल्या दिवशी! आता त्यावर काजळीचे असे पट्टे उठले होते की महाराज थेट चुलीतून उठून आल्यासारखे दिसत होते.

"बोलवा त्या ओताऱ्यांना!" महाराज कडाडले.

ओतारआळीच्या भट्टीत राज्याच्या पितळी तोफा ओतल्या जात. भट्टीचा कारभारी सटवाजी याला गुडघ्यांनी पार बसवून टाकलं होतं, म्हणून त्याची लेक हौसा दरबारात आली. पोरगी जाळाशी खेळत वाढलेली होती आणि तिची जीभ त्या जाळाहून तिखट होती.

"आठ दिवस देतो," महाराज म्हणाले. "माझ्या वाड्यावरचा धूर निम्मा झाला पाहिजे! आणि तरी महिन्याला दोन तोफा झाल्याच पाहिजेत! नाही जमलं तर भट्टी आणि तुमची चाळीस घरं नदीपल्याड माळावर!"

त्या माळावर प्यायला घोटभर पाणी नव्हतं, आणि बाबाला तर उंबऱ्यापर्यंत चालवत नव्हतं. पण घाबरल्याचं दाखवील तर ती हौसा कसली!

"सरकार, निम्मा धूर मोजायचा कसा? शेरानं का हातानं?"

महाराजांनी दिवाण त्र्यंबकपंतांकडे पाहिलं. पंतांनी मिशीवरून हात फिरवला. "रोज एक नवं धोतर सकाळी गच्चीवर टांगू, संध्याकाळी काढू. आठव्या दिवसाचं धोतर पहिल्याच्या निम्मंच काळं दिसलं पाहिजे."

हौसा कामाला लागली. ओलं लाकूड फार धुरकटतं, हे आळीतलं शेंबडं पोरही सांगेल. तिनं भट्टीच्या तापलेल्या भिंतीला लागून लाकडं रचली. आजच्या जाळाच्या उबेवर उद्याचं सरपण वाळायला लागलं. तिसऱ्या दिवशी भट्टीचा धूर निम्म्यावर आला, लाकूडही कमी लागू लागलं आणि आळीतल्या बायाबापड्यांचा खोकला थांबला. पण गच्चीवरचं धोतर? होतं तसंच काळं!

"कोणी मुद्दाम चोळतंय का काय त्याला?" सटवाजी खाटेवरून कुरकुरला.

पाचव्या दिवशी अमावास्या आली. अमावास्येला ओतारी भट्टी पेटवत नाहीत, ही बापजाद्यांची रीत. दिवसभर आळीत एक ठिणगी उडाली नाही. संध्याकाळी हौसानं गच्चीवरचं धोतर पाहिलं, तर ते काळंच! मग तिनं मान वर करून पाहिलं. वाड्याच्या मागच्या अंगानं धुराचा लोट चढत होता. ती तडक तिकडे गेली.

मागे महाराजांचं न्हाणीघर होतं. नऊ चुलाणं धडधडत होती, त्यांवर नऊ हंडे उकळत होते आणि डोळे पुसत पुसत मुकादम कोयाजी जाळ सारत होता.

"कोयाजीमामा, एवढं पानी कुनाला?"

"सरकारास्नी."

"नऊ हंडे? सरकार न्हात्यात का पवत्यात?"

"हळू बोल! न्हायला कवा येतील त्याचा नेम न्हाई. पानी कायम तयार पायजे. एक हंडा आटला की दुसरा."

"मग इचारावं, कवा येनार म्हनून."

कोयाजीनं कानांना हात लावले. "त्यांच्या आज्ज्यापासनं कुनी इचारलं न्हाई, बाई!"

"आनि लाकडं अशी ओलीगच्च?"

"मान हाय तो! रानातली पयल्या तोडीची लाकडं आदी वाड्याला. ताजी, रस गळती!"

हौसानं कपाळावर हात मारला आणि ते धोतर काखेत मारून घरी आली.

आठव्या दिवशी दरबार भरला. महाराजांनी काळं धोतर उलगडलं. "हरलीस, पोरी! उचला भट्टी!"

"थांबा सरकार. हे दुसरं धोतर बघा. अमावास्येचं. आमची भट्टी त्या दिशी गार हुती, सगळ्या गावाला ठावं हाय. तरी काळंच!"

"मग धूर करतो कोण?" महाराज ताडकन उठले. "कोणी का असेना, त्याला नदीपल्याड धाडतो!"

"धाडा सरकार. पर मग तितं तुमच्या न्हान्याची सोय करावी लागंल!"

पंतांचा हात मिशीवरच राहिला. हौसानं घाईघाईनं नऊ हंड्यांची आणि ओल्या लाकडांची हकीकत सांगितली, आणि हात जोडून विचारलं, "सरकार, तुमी न्हाता कवा?"

महाराजांनी दाराशी उभ्या असलेल्या कोयाजीकडे बोट केलं. "मी? अगं, हा कोयाजी दिवसातून तीनदा येऊन सांगतो, 'पाणी तयार हाय सरकार!' बिचाऱ्याचं मन मोडू नये म्हणून मी तीनदा न्हातो! कातडी सोलवटून निघाली माझी!"

"आन् मला वाटलं, सरकारास्नी न्हायची लई हौस!" कोयाजी कळवळला.

महाराजांनी तिथंच ठरवून टाकलं: सकाळी एकदा आंघोळ, एकच हंडा, आणि लाकूड ओताऱ्यांच्या भट्टीच्या भिंतीशी वाळलेलं. हौसाला एक दिवस वाढवून मिळाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धोतर दरबारात आलं, तेव्हा काजळी शोधायला पंतांना खिडकीपाशी जावं लागलं.

महाराज पोट धरधरून हसले. "ओतारआळी जागची हलणार नाही! सटवाजीच्या गुडघ्यांना आमचे वैद्य बघतील. आणि राज्यातल्या सगळ्या भट्ट्या, सगळी चुलाणं आजपासून हौसाबाईंच्या हुकमात. माझं न्हाणीघरसुद्धा!"

हौसानं मुजरा केला. "मग पयला हुकूम ऐका सरकार. उद्या दिस उगवायला न्हायला या. उशीर केला तर गार पान्यानं!"

आणि महाराज पुन्हा एवढ्या मोठ्यानं हसले की न्हाणीघरात कोयाजीलाही ऐकू गेलं.