दिघावकर साहेबांचा सत्कार

गृहनिर्माण मंडळाने अपंगांसाठी खास घरं बांधली. इतकी खास, की इंदुताई खटावकरांची चाकांची खुर्ची घराच्या दारातच अडकली.

ताईंनी मुख्य अभियंता दिघावकर साहेबांना गाठलं. साहेब नकाशाकडे कौतुकाने बघत म्हणाले, "दार नियमात आहे हो. तुमची खुर्चीच चुकीची. जरा बारीक घ्या."

"खरंय साहेब. एवढी सुंदर घरं बांधलीत आणि आम्ही मेले तक्रारी करतो! माझ्याच घरात तुमचा सत्कार करू या."

सत्कार म्हटल्यावर साहेब लगेच तयार झाले. फक्त शाल आणि नारळ ते सिंहासनावर बसूनच घेत, एवढी त्यांची साधी अट होती.

ठरल्या दिवशी मंडपवाल्याने सोनेरी हातांचं, लाल मखमलीचं सिंहासन आणलं. माणसांनी ते दारात उभं घातलं, आडवं घातलं, तिरकं घातलं. ते काही आत जाईना. सारी वसाहत बघत होती. फेटा सावरत साहेब खेकसले, "बघताय काय नुसते? काढा ती चौकट!"

ताईंनी मागे वळून हाक मारली, "गवंडीदादा, ऐकलंत ना? साहेबांचा हुकूम आहे."

मांडवामागे बसवून ठेवलेला गवंडी पहार घेऊन पुढे आला. पहिला घाव बसला तसे साहेब भानावर आले. "अहो, पण नियम?"

"नियम माझ्या खुर्चीला होता साहेब. आज तुमची अडकली."

दार रुंद झालं. सिंहासनाआधी ताईच चाकं फिरवत आत गेल्या आणि मंडपवाल्याला म्हणाल्या, "सिंहासन परत नेऊ नका. उद्या शेजारच्या घरात साहेबांचा सत्कार आहे."